शिक्षक आला, पण टिकला का? : अमेरिकेतील कृष्णवर्णीय शिक्षक आणि शाळा-विद्यापीठ सहकार्य

अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाविषयी आपल्याला फार पूर्वीपासून जिव्हाळा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ते विद्यापीठ हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीला लागूनच आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या निवेदनाची प्रत मागितली. ड्यू बॉइस यांनी त्याच वर्षी उत्तर पाठविले. पुढे १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. ही हकिकत आपल्या सभासदांना नवी नाही. परंतु त्या समाजातील शाळामास्तराचे पुढे काय झाले, तो नोकरीत आला कसा, नोकरीतून गेला कसा आणि त्याला टिकविण्यासाठी तेथील विद्यापीठांनी काय केले, याविषयी मराठीत आमच्या वाचनात फारसे आले नाही. आपल्या सभासदांत शिक्षक मंडळी पुष्कळ आहेत, विद्यार्थ्यांपैकीही अनेक जण डी.एड., बी.एड.च्या वाटेवर आहेत. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम निवडला.

प्रथम परिस्थिती पाहू. २०२०-२१ या वर्षी अमेरिकेच्या सरकारी शाळांतील दर शंभर शिक्षकांमागे सुमारे ८० गोरे होते. स्पॅनिशभाषक मुळाचे, म्हणजे हिस्पॅनिक, ९ होते आणि कृष्णवर्णीय अवघे ६. विद्यार्थ्यांची स्थिती याच्या उलट आहे. २०१४ पासून सरकारी शाळांतील गोऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण निम्म्याखाली गेले आहे. बाकांवर बसणारे एका रंगाचे आणि फळ्यापुढे उभे राहणारे दुसऱ्या रंगाचे, असे हे चित्र आहे.

कोणी विचारील, शिक्षक चांगला शिकवीत असेल तर त्याच्या रंगाशी काय कर्तव्य? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर भावनेने देऊन चालणार नाही. टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात एक मोठा प्रयोग झाला. वर्गातील मुलांची संख्या कमी केल्याने शिक्षण सुधारते का, हे पाहण्याचा त्याचा हेतू होता. त्यासाठी बालवर्ग ते तिसरीची मुले आणि त्यांचे शिक्षक यांची वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली होती. कोणते मूल कोणत्या शिक्षकाकडे जाईल हे पालकांच्या वजनावर किंवा मुख्याध्यापकांच्या मर्जीवर अवलंबून नव्हते. सेठ गर्शेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे याच मुलांचा माग काढला. बालवर्ग ते तिसरी या काळात एक तरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभलेली कृष्णवर्णीय मुले आणि त्याच शाळेतील तसा शिक्षक न लाभलेली कृष्णवर्णीय मुले यांची त्यांनी तुलना केली. पहिल्या गटातील मुले शालान्त शिक्षण पूर्ण करण्याचे प्रमाण १३ टक्क्यांनी आणि महाविद्यालयात प्रवेश घेण्याचे प्रमाण १९ टक्क्यांनी अधिक निघाले. एका शिक्षकाचा एका वर्षाचा सहवास इतका दूरवर पोहोचतो. आपल्यापैकी ज्यांना लहानपणी आपल्याच वस्तीतून आलेले गुरुजी लाभले, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

सहकार्याची जुनी वाट

शाळा आणि विद्यापीठ यांनी हातात हात घालून शिक्षक घडवावा, ही कल्पना कृष्णवर्णीय समाजात जुनी आहे. गुलामगिरी संपताच १८६६ साली टेनेसीतील नॅशव्हिल येथे फिस्क विद्यापीठाची शाळा निघाली. तेथील विद्यार्थी उन्हाळी सुटीत खेड्यापाड्यांत जाऊन मुलांना शिकवीत. वर उल्लेखिलेले ड्यू बॉइसही फिस्कचे विद्यार्थी असताना असेच एका खेड्यात मास्तर होते. टस्कीगी येथील संस्थेने तर पुढचे पाऊल टाकले. ज्युलियस रोझेनवाल्ड या व्यापाऱ्याच्या देणगीला गावोगावच्या कृष्णवर्णीय शेतमजुरांच्या वर्गणीची जोड देऊन १९३२ पर्यंत दक्षिणेतील राज्यांत सुमारे ५,००० शाळा उभ्या राहिल्या. शाळा वेगळ्या होत्या, गरीब होत्या, गोऱ्यांनी वापरून टाकलेली पुस्तके त्यांच्या वाट्याला येत. परंतु त्यांतील शिक्षक आपले होते आणि मुलाच्या घरची अवस्था त्यांना सांगावी लागत नसे.

या पुढचा इतिहास आम्ही साऊथ कॅरोलायना या एकाच राज्याच्या आधारे सांगणार आहोत. याच राज्यातील शिक्षकांनी सर्वांत जबर किंमत मोजली आणि शिक्षक टिकविण्याचा एक मोलाचा प्रयोगही याच राज्यात झाला.

१९४७ साली या राज्यातील क्लॅरेंडन काउंटीत कृष्णवर्णीय पालकांनी मुलांना शाळेत नेण्यासाठी एक बस मागितली. मागणी एवढीच होती. ती नाकारली गेली आणि बसच्या मागणीतून शाळांच्या विषमतेचा खटला उभा राहिला. पालकांना संघटित करणारे जे. ए. डीलेन हे धर्मोपदेशक होते तसेच शिक्षकही होते. त्यांची नोकरी गेली, १९५१ साली त्यांचे घर जाळले गेले. हा खटला आणि आणखी चार खटले एकत्र होऊन १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा 'ब्राऊन' निकाल लागला. वंशानुसार वेगळ्या शाळा ठेवणे घटनाबाह्य ठरले.

निकाल ऐतिहासिक होता यात शंका नाही. परंतु त्यात मुलांचा विचार होता, शिक्षकांविषयी तो मौन होता. दोन शाळा एक झाल्या की दोन मुख्याध्यापक आणि दुप्पट शिक्षक होतात. मग कोणाला ठेवायचे? बहुतेक ठिकाणी कृष्णवर्णीयांची शाळा बंद करून मुलांना गोऱ्यांच्या शाळेत पाठविले गेले आणि तेथे गोरे शिक्षक आधीच होते. आपल्याकडील शिक्षकांना 'अतिरिक्त ठरणे' या शब्दांचा अर्थ समजावून सांगायला नको. आपल्याकडे निदान समायोजनाची तरतूद तरी असते, तेथे ती नव्हती. कॅन्सस राज्यातील टोपेका येथे तर निकालाच्या वर्षभर आधी, मार्च १९५३ मध्येच, शाळा अधीक्षकांनी कृष्णवर्णीय शिक्षिकेला पत्र पाठवून कळविले होते की निकाल तसा लागल्यास पुढील वर्षी आपली गरज राहणार नाही. मिसुरीतील मोबर्ली गावी शाळा एकत्र झाल्यावर ११ कृष्णवर्णीय शिक्षकांपैकी एकालाही पुन्हा घेतले नाही. ते न्यायालयात गेले आणि हरले. १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेकडील व सीमेवरील १७ राज्यांत मिळून सुमारे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षक व मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्याचे मानले जाते. समाजाने मिळविलेल्या सर्वांत मोठ्या विजयाची किंमत त्या समाजाच्या शिक्षकांनी भरली, असे म्हणणे वावगे होणार नाही.

साऊथ कॅरोलायनाने त्यापुढेही मजल मारली. १९५६ साली राज्याने कायदा करून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या सभासदांना सरकारी नोकरी बंद केली. ऑरेंजबर्ग काउंटीतील एलोरी येथील शाळेत या सभासदत्वाविषयीचे प्रश्न असलेला अर्ज शिक्षकांपुढे आला. २१ शिक्षकांनी उत्तर देण्यास नकार दिला आणि एकवीसही घरी गेले. चार्ल्स्टनच्या सेप्टिमा क्लार्क यांनी सभासदत्व लपविण्यास नकार दिला. चाळीस वर्षांची नोकरी आणि निवृत्तिवेतन दोन्ही गेले. १९७६ साली राज्याने चूक मान्य केली, तेव्हा त्या ७८ वर्षांच्या होत्या. मधल्या काळात बाई स्वस्थ बसल्या नाहीत. प्रौढांना मतदानापुरते लिहिणे-वाचणे शिकविणारे वर्ग त्यांनी दक्षिणेत गावोगावी चालविले.

दुसरा एक अडसर दिसायला निरुपद्रवी होता. कृष्णवर्णीय शिक्षकांनी समान वेतनासाठी खटले जिंकायला सुरुवात केली, तेव्हा १९४५ साली राज्याने शिक्षकांसाठी एक लेखी परीक्षा आणली आणि वेतनाची श्रेणी तिच्या गुणांना बांधली. गुणवत्तेच्या नावाखाली जुनी तफावत कायम राहिली. ही परीक्षा वंशभेद करणारी आहे असा दावा पुढे झाला, पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. परीक्षा घेऊच नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु चांगला शिक्षक कोण हे तीन तासांच्या कागदावरून ठरते, यावर आमचा विश्वास नाही.

भरती झाली, गळतीही झाली

यानंतर बरीच वर्षे तेथे एकच ओरड होती की कृष्णवर्णीय तरुण शिक्षकी पेशात येत नाहीत. त्यात तथ्य होते, कारण इतर क्षेत्रांची दारे उघडली होती आणि हुशार मुले-मुली तिकडे वळत होती. राज्याराज्यांनी भरतीच्या योजना काढल्या. त्यांना यशही आले. रिचर्ड इंगरसोल आणि हेन्री मे या संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून २००८ पर्यंत अल्पसंख्याक शिक्षकांची संख्या सुमारे ३,२५,००० वरून ६,४२,००० वर गेली, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाली. मग अडचण कोठे होती? २००३-०४ च्या सुरुवातीला सुमारे ४७,६०० अल्पसंख्याक शिक्षक नव्याने रुजू झाले आणि पुढच्या वर्षापर्यंत सुमारे ५६,००० पेशा सोडून गेले. आलेल्यांपेक्षा गेलेले अधिक!

ते का गेले, याची या संशोधकांनी केलेली मीमांसा आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. पगार कमी म्हणून गेले, मुले दंगेखोर म्हणून गेले, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात दोन कारणांचा संबंध सर्वांत घट्ट निघाला. शाळेच्या निर्णयांत शिक्षकांच्या मताला किंमत आहे की नाही, हे एक. आपल्या वर्गात काय आणि कसे शिकवावे याची मोकळीक आहे की नाही, हे दुसरे. गोऱ्या शिक्षकांच्या तुलनेत हे शिक्षक गरीब वस्तीतील, कोणी जाण्यास तयार नसलेल्या शाळांत दोन ते तीन पट अधिक आढळतात. अशाच शाळांवर वरून हुकूम सर्वांत जास्त येतात. थोडक्यात, माणूस मुलांना कंटाळून गेला नाही, त्याला कोणी विचारात घेत नाही म्हणून गेला.

याला जोडून आणखी एक बोजा असतो. शाळेत एकुलता एक कृष्णवर्णीय शिक्षक असला की प्रत्येक दांडगट कृष्णवर्णीय मुलगा त्याच्याकडे पाठवायचा, भांडण त्यानेच मिटवायचे, पालकांशी त्यानेच बोलायचे, दुभाष्याचे कामही त्यानेच करायचे. अमेरिकेचे तत्कालीन शिक्षणमंत्री जॉन किंग यांनी २०१६ साली या जादा कामाला 'अदृश्य कर' म्हटले. या कामाचा पगार नसतो आणि बढतीच्या वेळी ते कोणी मोजत नाही. आपल्याकडेही शाळेत जयंतीचा कार्यक्रम आला की तो कोणत्या शिक्षकाच्या गळ्यात पडतो हे सभासदांना ठाऊक आहे. कार्यक्रम आनंदाने करावा, पण एकट्यानेच का?

कधी गळती नसते, सरळ हकालपट्टी असते. २००५ च्या कत्रिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये सात हजारांवर शाळा कर्मचाऱ्यांना काढण्यात आले. त्यांत कृष्णवर्णीय शिक्षकांचे प्रमाण फार मोठे होते. शिकागोने २०१३ साली एका झटक्यात सुमारे ५० शाळा बंद केल्या, त्या बहुतांशी कृष्णवर्णीय वस्त्यांतील होत्या.

'मिस्टर' म्हणा

आता साऊथ कॅरोलायनाकडे परत येऊ. एकविसावे शतक उजाडताना या राज्यातील प्राथमिक शाळांत सुमारे २०,००० शिक्षक होते आणि त्यांत कृष्णवर्णीय पुरुष २०० सुद्धा नव्हते. शंभरात एकही नाही. कृष्णवर्णीय मुलगा बालवर्गापासून पाचवीपर्यंत जाई आणि आपल्यासारखा दिसणारा पुरुष त्याला शाळेत भेटला तर तो बहुधा झाडू मारणारा किंवा बस चालविणारा असे.

क्लेमसन विद्यापीठाने यावर एक कार्यक्रम सुरू केला. क्लेमसनची पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय यातील गंमत कळणार नाही. गुलामगिरीचा कट्टर पुरस्कर्ता जॉन कॅल्हून याच्या मळ्यावर हे विद्यापीठ उभे आहे. तेथे पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी, हार्वी गँट, १९६३ साली न्यायालयाच्या आदेशाने शिरला. त्याच विद्यापीठाने १९९९-२००० च्या सुमारास राज्यातील तीन कृष्णवर्णीय महाविद्यालयांशी हातमिळवणी केली. ऑरेंजबर्गचे क्लॅफ्लिन, कोलंबिया शहरातील बेनेडिक्ट आणि सम्टरचे मॉरिस ही ती महाविद्यालये. एलोरीचे एकवीस शिक्षक ज्या काउंटीतून हाकलले गेले, तिच्यातच क्लॅफ्लिन आहे. सेप्टिमा क्लार्क पदवीधर झाल्या त्या बेनेडिक्टमधून.

कार्यक्रमाचे नाव 'कॉल मी मिस्टर'. १९६७ सालच्या 'इन द हीट ऑफ द नाइट' या चित्रपटात सिडनी पॉइटिए याने रंगविलेला कृष्णवर्णीय पोलीस अधिकारी, तुच्छतेने बोलणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याला आपल्याला लोक 'मिस्टर' म्हणतात असे ठणकावून सांगतो. त्या प्रसंगावरून हे नाव घेतले. दक्षिणेत गोरा मनुष्य साठ वर्षांच्या कृष्णवर्णीयालाही 'पोरा' म्हणून हाक मारी. आपल्या वाडवडिलांना गावात कशी हाक मारली जाई हे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना या एका शब्दाचे वजन कळेल.

या कार्यक्रमाची रचना सांगतो. तरुण आपल्या गावाजवळच्या महाविद्यालयातच शिकतो, क्लेमसनला येण्याची सक्ती नाही. फी साठी कर्जरूपाने मदत मिळते. पदवीनंतर जितकी वर्षे मदत घेतली तितकी वर्षे राज्यातील सरकारी शाळेत शिकविले की ते कर्ज माफ होते. हे झाले पैशाचे. दुसरा भाग गटाचा. प्रत्येक महाविद्यालयात हे तरुण एका तुकडीने राहतात, अभ्यास एकत्र करतात, परवाना परीक्षेची तयारी एकमेकांकडून करून घेतात आणि उन्हाळ्यात सर्व महाविद्यालयांच्या तुकड्या एकत्र येतात. तिसरा भाग शाळेचा. शिक्षण चालू असतानाच ते वर्गात जातात आणि नोकरी शोधताना कार्यक्रम त्यांच्या पाठीशी असतो. रॉय जोन्स यांनी दीर्घकाळ या कार्यक्रमाची धुरा वाहिली. राज्याच्या विधिमंडळाने निधी दिला. पुढे इतर राज्यांतील महाविद्यालयांनीही तो उचलला.

आमच्या मते यातील खरी किमया दुसऱ्या भागात आहे. शिष्यवृत्ती देणाऱ्या योजना पुष्कळ असतात. पण पहिल्या नोकरीच्या नोव्हेंबरमध्ये, जेव्हा वर्ग हाताबाहेर जातो आणि मुख्याध्यापक दारात उभे राहून वहीत काहीतरी लिहीत असतात, तेव्हा रात्री फोन कोणाला करायचा? ज्याच्याबरोबर चार वर्षे काढली त्या सोबत्याला. ही सोय कोणत्याही शासकीय आदेशाने होत नाही.

बॉस्टनची निवासी पद्धत

बॉस्टनची रीत वेगळी आहे. तेथील शाळांवर १९७४ च्या वंशभेदविरोधी खटल्यापासून न्यायालयाची नजर होती. शिक्षकांत २५ टक्के कृष्णवर्णीय असावेत असा दंडकही न्यायालयाने घातला होता. २००३ साली बॉस्टनच्या शाळा खात्याने एका स्थानिक शैक्षणिक संस्थेबरोबर 'बॉस्टन टीचर रेसिडेन्सी' सुरू केली. पदव्युत्तर पदवीसाठी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या बॉस्टन शाखेशी जोड घेतली. डॉक्टर जसा एम.बी.बी.एस. नंतर इस्पितळात राहून वरिष्ठांच्या हाताखाली शिकतो, तशीच ही पद्धत आहे. उमेदवार संपूर्ण शालेय वर्ष एकाच अनुभवी शिक्षकाच्या वर्गात आठवड्याचे चार दिवस काम करतो, पाचव्या दिवशी स्वतःचे तास करतो. त्याला विद्यावेतन मिळते. नंतर तीन वर्षे बॉस्टनमध्ये शिकविले की फी माफ.

जॉन पापे व सहकाऱ्यांनी २०१२ साली याचा हिशेब मांडला. या वाटेने आलेल्या शिक्षकांत गोरेतरांचे प्रमाण इतर नव्या शिक्षकांपेक्षा जास्त होते. पाचव्या वर्षी त्यांच्यापैकी ७५ टक्के बॉस्टनच्या शाळांत टिकून होते, इतर नवशिक्यांत हे प्रमाण ५१ टक्के होते. यात एक उणीव होती आणि तीही सांगितली पाहिजे. पहिल्या वर्षी गणितात त्यांच्या विद्यार्थ्यांची प्रगती इतर नव्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांपेक्षा कमी होती. चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत मात्र ते जुन्या अनुभवी शिक्षकांच्याही पुढे गेले. याचा अर्थ असा की दुसऱ्या वर्षी सोडून गेलेला शिक्षक आपले उत्तम काम कधी करूच शकत नाही. टिकणे हा केवळ आकडेवारीचा प्रश्न नाही, मुलांच्या गणिताचा प्रश्न आहे.

सोबत असली की सर्व सुरळीत होते, असेही नाही. ट्रॅव्हिस ब्रिस्टल या संशोधकाने बॉस्टनमधील कृष्णवर्णीय पुरुष शिक्षकांना प्रत्यक्ष भेटून विचारले. ज्या शाळांत ते एकटेच होते तेथे त्यांना एकाकी वाटे, तरी ते टिकले. ज्या शाळांत ते अनेक होते त्या शाळाच मोडकळीस आलेल्या होत्या, म्हणून तेथून ते निघून गेले. विद्यापीठाने शिक्षक कितीही चांगला घडविला, तरी शाळा बरी चालत नसेल तर तो थांबत नाही. विद्यापीठाला आपल्या आवारात बसून शिक्षक 'पुरविता' येत नाहीत, शाळेत यावे लागते, ते यासाठीच.

तिसरे उदाहरण शिकागोचे. लोगन स्क्वेअर या वस्तीत शाळेत मदतनीस म्हणून येणाऱ्या आयांना, मुख्यतः स्पॅनिश बोलणाऱ्या स्थलांतरित स्त्रियांना, शिकागो स्टेट विद्यापीठाने २००० साली शिक्षक होण्याची वाट करून दिली. तास वस्तीतच, तेही संध्याकाळी, मुले सांभाळण्याची सोय करून. या प्रयोगावरून इलिनॉय राज्याने कायदा केला आणि २०१६ पर्यंत १,००० शिक्षक घडविण्याचे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्टाच्या जवळपासही ते पोहोचले नाहीत. दिवसा नोकरी, रात्री अभ्यास, मध्ये बाळंतपण, यांत पदवीला आठ-आठ, दहा-दहा वर्षे लागतात आणि तोपर्यंत सरकारचा धीर सुटतो. त्यात राज्याने २०१० साली प्रवेशाच्या परीक्षेची उत्तीर्ण रेषा वर नेली. कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक उमेदवार तेथेच अडकले. ही परीक्षा २०१९ साली रद्द झाली. तरीही ज्या बाया पदवीपर्यंत पोहोचल्या, त्या मूळच्याच वस्तीतल्या असल्याने त्यांना वस्ती सोडून जाण्याचे कारण नव्हते. संख्या थोडी म्हणून या प्रयोगाला फसलेला म्हणायला आम्ही तयार नाही.

अशा सहकार्यात घोटाळा बहुधा एकाच जागी होतो. विद्यापीठातील प्राध्यापकाची बढती त्याच्या छापून आलेल्या निबंधांवर ठरते, तो किती वेळा शाळेत गेला यावर नाही. शाळेतील मार्गदर्शक शिक्षकाला नवशिक्याकडे पाहण्यासाठी मोकळी तासिका मिळत नाही, मानधन नाममात्र असते. करारावर कुलगुरू आणि शाळा अधीक्षक सह्या करतात, फोटो निघतो आणि काम दोन-तीन तळमळीच्या माणसांच्या जिवावर चालते. ती माणसे निवृत्त झाली की करार कपाटात जातो. अनुदानावर चालणाऱ्या कार्यक्रमांची गत तर अलीकडेच दिसली. शाळा-विद्यापीठ भागीदारीतून शिक्षक घडविण्यासाठी केंद्र सरकार २००८ च्या कायद्यानुसार अनुदाने देत आले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील शिक्षण खात्याने शिक्षक-प्रशिक्षणाची ६० कोटी डॉलरहून अधिक रकमेची अनुदाने रद्द केली, कारण त्यांत विविधतेचा पुरस्कार होता. आठ राज्ये न्यायालयात गेली. बॉस्टनच्या न्यायालयाने तात्पुरती मनाई दिली, पण ४ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती मनाई उठविली.

आपल्याकडे भरतीच्या दाराशी बिंदुनामावली आहे, तसे संरक्षण तेथील कृष्णवर्णीय शिक्षकाला नाही, हा मोठा फरक ध्यानात ठेवावा. दाराच्या आत आल्यावर मात्र पुष्कळ साम्य आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून नवा शिक्षक तीन वर्षे 'शिक्षण सेवक' म्हणून मानधनावर राबतो. प्राथमिकचे हे मानधन २०२३ साली ६,००० वरून १६,००० झाले, तोपर्यंत कित्येकांची उमेदीची वर्षे सरली होती. ज्या काळात त्याला सर्वाधिक आधार हवा, त्याच काळात तो सर्वांत एकटा असतो.

दुसरीकडे, २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि छात्राध्यापकाला सुमारे वीस आठवडे शाळेत काढावे लागतात. कागदावर ही शाळा-विद्यापीठ भागीदारीच आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी छात्राध्यापक टाचण घेऊन येतो, गैरहजर शिक्षकाच्या तासावर उभा राहतो, निरीक्षण वहीवर सह्या होतात आणि पाठ संपतात. आपल्या सभासदांपैकी जे मुख्याध्यापक व पर्यवेक्षक आहेत, त्यांना यात शासनाच्या परवानगीवाचून करता येण्यासारखे थोडेफार आहे. छात्राध्यापकाला आठवड्याला नवा वर्ग न देता पूर्ण मुदतीसाठी एकाच अनुभवी शिक्षकाशी जोडावे. त्या शिक्षकाच्या वेळापत्रकात आठवड्याला दोन तासिका मोकळ्या ठेवाव्यात, म्हणजे पाठानंतर दोघांना बसून बोलता येईल. दुर्बल घटकांतून आलेले दोन-तीन छात्राध्यापक शक्यतो एकाच शाळेत येतील असे महाविद्यालयाच्या प्राचार्यांशी बोलून ठरवावे, आणि नोकरीला लागल्यानंतरची पहिली दोन वर्षे त्यांचे पत्ते आणि फोन क्रमांक महाविद्यालयाच्या वहीत राहतील, महिन्यातून एकदा तरी कोणी चौकशी करील, एवढे पाहावे.